विधेयक संयुक्त समितीकडे गेलं म्हणजे नेमकं काय होतं? आणि आपण सूचना कशा पाठवायच्या?

शेतरस्ता (प्रश्न)

विधानसभेत विधेयक मांडलं जातं आणि दुसऱ्या दिवशी बातमी येते, 'विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे'. आमच्याकडे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, आता ते बासनात गेलं. दुसरा म्हणतो, आता कुठे त्याची खरी चिकित्सा होणार. दोघांकडेही दाखला असतो. बेकायदेशीर कृत्यांना आळा घालण्यासाठीचं जनसुरक्षा विधेयक समितीतून सात महिन्यांत बाहेर आलं आणि मंजूरही झालं. जादूटोणाविरोधी विधेयक मात्र समितीत गेलं ते विधानसभेची मुदत संपेपर्यंत बाहेर आलंच नाही.

माहीतगारांना तीन प्रश्न आहेत. समितीकडे पाठवायचं हे कोण ठरवतं आणि समिती किती बदल करू शकते? विधेयक तिथेच पडून राहिलं तर ते कधी रद्द समजायचं? आणि तालुका पातळीवरच्या संघटनेने सूचना पाठवायच्या तर त्या कशा लिहाव्यात? मोर्चा आणि निवेदन आम्हाला जमतं, समितीपुढचं लेखी म्हणणं कसं असतं ते कळत नाही.

खंडशः

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं त्यावर उभं आहे.

विधेयक मांडलं (पुरःस्थापित झालं) की पुढे मंत्री चारपैकी एक प्रस्ताव आणू शकतात. ते लगेच विचारात घ्यावं, त्याच सभागृहाच्या प्रवर समितीकडे पाठवावं, दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवावं, किंवा जनमत अजमावण्यासाठी प्रसृत करावं. महाराष्ट्रात बहुतेक विधेयकं पहिल्याच वाटेने जातात. आपल्याकडे संसदेसारख्या विभागवार स्थायी समित्या विधेयकं तपासत नाहीत. त्यामुळे समितीकडे जाणं हा नियम नाही, अपवाद आहे. सरकारला वाद शमवायचा असतो, वेळ हवा असतो किंवा खरोखरच मसुदा कच्चा असतो, तेव्हा ती वाट धरली जाते. विरोधी सदस्यही अशी मागणी करू शकतात, पण मतदानाला आलं की बहुमत सरकारचं असतं.

केरळात उलट आहे. तिथे १९८० पासून विषय समित्या आहेत, आज चौदा. अर्थ विषयक काही विधेयकं सोडली तर विधेयक नियमाप्रमाणे त्या त्या विषय समितीकडे जातं. मंत्रीच त्या समितीचे पदसिद्ध अध्यक्ष असतात, तेव्हा तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. तरी खंडवार वाचन करण्याची सवय त्या व्यवस्थेत आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते.

समितीकडे पाठवण्याचा प्रस्ताव नीट वाचा. त्यात तीनच गोष्टी महत्त्वाच्या असतात: सदस्य किती आणि कोण, अध्यक्ष कोण, आणि अहवाल कधीपर्यंत. 'पुढील अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत' असं काहीतरी लिहिलेलं असतं. ती तारीख पाळली गेली नाही तर सभागृहात मुदतवाढीचा प्रस्ताव येतो आणि तो बहुधा चर्चेशिवाय मंजूर होतो. विधेयक लांबतंय की नाही हे या मुदतवाढींवरून कळतं. दिवसाच्या कामकाजपत्रिकेत एका ओळीत ते छापलेलं असतं, वृत्तपत्रात येत नाही.

आता अध्यक्ष. महाराष्ट्रात संयुक्त समितीचं अध्यक्षपद बहुधा मंत्र्याकडेच जातं. महिला-बालकांवरील अत्याचारांविरोधातल्या शक्ती विधेयकाच्या समितीचं अध्यक्षपद गृहमंत्री म्हणून अनिल देशमुखांकडे होतं, त्यांनी राजीनामा दिल्यावर ते दिलीप वळसे पाटलांकडे गेलं. जनसुरक्षा विधेयक गृहखात्याचं, पण समितीचे अध्यक्ष महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे होते. म्हणजे ज्या सरकारने मसुदा आणला त्याच सरकारचा मंत्री त्याची चिकित्सा चालवतो. बैठक कधी बोलवायची, कोणाला साक्षीसाठी बोलवायचं, कोणता खंड आधी घ्यायचा, हे त्याच्या हातात. कर्नाटकात ग्रेटर बंगळूरु विधेयकाच्या संयुक्त समितीचं अध्यक्षपद रिझवान अर्शद या आमदाराकडे दिलं होतं. तेही सत्ताधारी पक्षाचेच, पण मंत्री नव्हेत. एवढ्यानेही बैठकीचा नूर बदलतो, कारण खात्याचे सचिव मग आपल्याच मंत्र्याला उत्तर देत नसतात.

बदल किती करता येतात? विधेयकाच्या व्याप्तीच्या आत राहून शब्द, आकडे, अधिकारी, मुदती, शिक्षा, परंतुकं, नवे खंडसुद्धा. मूळ तत्त्वच उलटं करता येत नाही. आणि समितीने केलेले बदल सभागृहावर बंधनकारक नसतात. अहवाल आल्यावर 'संयुक्त समितीने सुधारलेले विधेयक विचारात घ्यावे' असा प्रस्ताव येतो, त्यानंतरही मंत्री किंवा सदस्य सुधारणा सुचवू शकतात.

अनुच्छेद_१९६

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर राज्यघटनेतच आहे, पण लोक अधिवेशन संपणं आणि विधानसभा विसर्जित होणं यांत गल्लत करतात.

अधिवेशन संस्थगित झालं म्हणून विधेयक व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द, होत नाही (अनुच्छेद १९६, खंड ३). विधानसभा विसर्जित झाली की विधानसभेत प्रलंबित असलेलं विधेयक जातं. विधानसभेने मंजूर करून विधान परिषदेत अडकलेलं विधेयकही जातं (खंड ५). राहतं ते फक्त एक: जे परिषदेत मांडलं गेलं आणि विधानसभेने अजून मंजूर केलेलं नाही (खंड ४). विधेयक समितीकडे आहे म्हणून त्याला वेगळं संरक्षण मिळत नाही.

जादूटोणाविरोधी विधेयकाचं हेच झालं. डिसेंबर २००५ मध्ये विधानसभेने ते मंजूर केलं. परिषदेत गेल्यावर ते संयुक्त समितीकडे पाठवलं गेलं, विरोधाची पत्रं येत राहिली, मुदत वाढत राहिली. २००९ मध्ये विधानसभा विसर्जित झाली आणि खालच्या सभागृहाने मंजूर केलेलं विधेयक संपलं. पुढे २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नागपूर अधिवेशनात कायदा झाला. आठ वर्षं गेली.

यात एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. परिषदेने किंवा तिच्या समितीने अडवलं असं म्हणणं अपुरं आहे. अनुच्छेद १९७ प्रमाणे परिषदेपुढे विधेयक ठेवल्यापासून तीन महिने उलटले आणि ते मंजूर झालं नाही, तर विधानसभा ते पुन्हा मंजूर करू शकते. दुसऱ्या खेपेला परिषदेला एकच महिना मिळतो. तोही गेला की विधेयक दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं असं मानलं जातं. संसदेतल्यासारखी संयुक्त बैठक राज्यांत नाहीच, तिची गरजही ठेवलेली नाही. (धन विधेयकाला तर परिषद फक्त १४ दिवस थांबवू शकते.) म्हणजे सरकारच्या मनात असतं तर समितीला वळसा घालण्याची घटनादत्त वाट उघडी होती. ती वापरली गेली नाही.

आंध्र प्रदेशात ती वापरली गेली. तीन राजधान्यांचं विधेयक आणि अमरावतीच्या प्राधिकरणाचा कायदा रद्द करणारं विधेयक, दोन्ही जानेवारी २०२० मध्ये विधानसभेने मंजूर केली. १७५ पैकी १५१ जागा सत्ताधारी पक्षाकडे होत्या, पण परिषदेत बहुमत तेलुगू देसमचं. २२ जानेवारीला परिषदेच्या सभापतींनी दोन्ही विधेयकं प्रवर समितीकडे पाठवायचं जाहीर केलं. पाच दिवसांत विधानसभेने परिषदच बरखास्त करण्याचा ठराव केला! समिती प्रत्यक्षात बसलीच नाही. जूनमध्ये विधानसभेने दोन्ही विधेयकं पुन्हा मंजूर केली, परिषदेने ती हाती न घेता कामकाज तहकूब केलं, एक महिना गेला आणि ३१ जुलैला राज्यपालांची संमती मिळाली. नोव्हेंबर २०२१ मध्ये सरकारनेच ते कायदे मागे घेण्याचं विधेयक आणलं ते निराळं.

तेव्हा तुमच्या विधेयकाबद्दल आधी दोन तारखा काढा: विधानसभेची मुदत कधी संपते आणि समितीचा अहवाल कधी अपेक्षित आहे. या दोहोंत दोन अधिवेशनांपेक्षा कमी अंतर असेल तर धोका आहे, असं मी समजतो. जनसुरक्षा विधेयकाचा पहिला अवतार जुलै २०२४ च्या पावसाळी अधिवेशनाच्या अगदी शेवटी मांडला गेला आणि विधानसभेबरोबर व्यपगत झाला. डिसेंबरमध्ये नागपुरात ते नव्याने मांडावं लागलं.

शेतरस्ता

अनुच्छेद १९७ बद्दल काहीच माहीत नव्हतं, आभार. पण सूचनांचं सांगा. जनसुरक्षा विधेयकावर बारा हजारांहून जास्त सूचना गेल्या म्हणे. एवढ्यांतल्या वाचतं कोण?

परंतुक

वाचल्या जातात, पण गठ्ठ्याने. सचिवालय आलेल्या सूचनांचा खंडवार तक्ता करतं: खंड, सूचना, विभागाचा अभिप्राय. सदस्यांपुढे तो तक्ता येतो, तुमचं पत्र नव्हे. हे एकदा लक्षात घेतलं की कसं लिहायचं ते आपोआप ठरतं. 'हे विधेयक लोकशाहीविरोधी आहे, मागे घ्या' अशी पाच हजार पत्रं आली तर तक्त्यात त्यांची एक ओळ होते. तिचा राजकीय दाब असतो, मी तो कमी लेखत नाही. पण मसुद्यातला शब्द बदलायचा असेल तर पर्यायी शब्द तुम्हीच द्यायला हवा.

आधी साधनं. राजपत्रात किंवा विधानमंडळाच्या संकेतस्थळावर छापलेलं विधेयक घ्या, बातमीतला सारांश नको. शेवटून वाचायला लागा: उद्देश व कारणे यांचं निवेदन, वित्तीय ज्ञापन, आणि कोणते अधिकार नियमांवर सोपवले आहेत त्याचं ज्ञापन. हे तिसरं लोक वाचतच नाहीत, आणि नंतर गळ्याशी येणाऱ्या बहुतेक गोष्टी त्यातच असतात. इंग्रजी पाठही शेजारी ठेवा. दोन्हींत फरक दिसला तर तो फरक हीच एक सूचना.

सूचना जाहिरातीत दिलेल्या तारखेच्या आत विधानभवनात पोचली पाहिजे. जनसुरक्षाच्या वेळी ती तारीख १ एप्रिल २०२५ होती. टपालावर विसंबू नका. ईमेल करा आणि एक प्रत हाती देऊन पोच घ्या. वर विधेयकाचा क्रमांक व वर्ष, संघटनेचं नाव, नोंदणी क्रमांक, कोणासाठी काम करता ते दोन ओळींत. मग थेट तक्ता. एका सूचनेचा नमुना असा (खंड काल्पनिक आहे):

'खंड ९, पोटखंड (२) : "तीस दिवसांच्या आत" या मजकुराऐवजी, "नोटीस प्रत्यक्ष मिळाल्याच्या दिनांकापासून साठ दिवसांच्या आत" हा मजकूर दाखल करण्यात यावा. कारण : नोटीस चावडीवर चिकटवली तरी ती बजावली असे खंड ९(१) मध्ये मानले आहे. स्थलांतरित खातेदाराला तीस दिवसांत अपील करणे शक्य होत नाही.'

विधेयकात 'खंड' म्हणतात, कायदा झाल्यावर त्याचं 'कलम' होतं, तेव्हा शब्द तोच वापरा. एका खंडाला एक सूचना. एकूण तीन-चार पुरेत. पंधरा सूचना पाठवल्या तर त्यांतल्या तीन बिनमहत्त्वाच्या स्वीकारून 'संघटनेच्या सूचना अंशतः मान्य' असं लिहिता येतं. शेवटी 'समितीपुढे प्रत्यक्ष म्हणणे मांडण्याची संधी द्यावी' हे वाक्य हवंच. बोलावणं येईलच असं नाही, पण मागितलं नाही तर यायचा प्रश्नच नाही. बोलावलं तर वेळ थोडा मिळतो, सगळ्यात महत्त्वाचा खंड पहिल्या मिनिटात सांगा.

बैठका बंद दाराआड होतात आणि अहवाल सभागृहात येईपर्यंत कामकाज गोपनीय असतं. सदस्याला 'काय चाललंय' विचारू नका, तो सांगू शकत नाही. 'आमची खंड ९ वरची सूचना आपण बैठकीत मांडावी' हे मात्र जरूर सांगा. समितीत दोन सदस्य असे शोधा, एक सत्ताधारी, एक विरोधी, ज्यांच्या मतदारसंघात हा प्रश्न जिवंत आहे. पक्षप्रमुखाला दिलेल्या शंभर निवेदनांहून याचा उपयोग जास्त.

खंडशः

परंतुक यांच्याशी सहमत. जनसुरक्षावर समितीने काय बदललं ते पाहिलं तर हा मुद्दा आणखी कळतो. पंचवीस सदस्यांची समिती, अहवाल ९ जुलै २०२५ ला, विधानसभेत मंजुरी १० ला, परिषदेत ११ ला. मुख्य बदल तीन. उद्देशाच्या मजकुरात 'व्यक्ती आणि संघटना' याजागी 'कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना' असा रोख आला. तपास उपनिरीक्षकाकडून उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. संघटना बेकायदेशीर ठरवण्याचा निर्णय तपासणाऱ्या सल्लागार मंडळाची रचना बदलली: उच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायाधीश अध्यक्ष, एक निवृत्त जिल्हा न्यायाधीश आणि उच्च न्यायालयातील सरकारी वकील.

दुसरा बदल खरा आहे, त्याने पोलीस ठाण्याच्या पातळीवरचा हुरूप आवरतो. पहिला मात्र दिसतो त्यापेक्षा लहान. 'बेकायदेशीर कृत्य' कशाला म्हणायचं ती व्याख्या तशीच विस्तृत राहिली. व्याख्येचे शब्द स्पष्ट असतील तर न्यायालय व्याख्या पाहतं. दीर्घ शीर्षक (उद्देश सांगणारा हाच मजकूर) कामी येतं ते शब्द संदिग्ध असतील तेव्हा. त्यात 'तत्सम' हा शब्द आहेच. तिसऱ्या बदलात मंडळात सरकारी वकील येऊन बसले, ज्यांचं अशीलच सरकार. म्हणून अहवाल आला की 'किती बदल झाले' हे मोजू नका. व्याख्या, अधिकार आणि अपील या तीन जागी काय झालं तेवढं आधी पाहा.

भिन्नमतपत्रिकेकडेही लक्ष द्या. असहमत सदस्य ती लेखी देतो आणि ती अहवालाला जोडून छापली जाते. जनसुरक्षाच्या समितीत विरोधी पक्षांचे जाणते नेते होते, तरी अहवालासोबत एकही भिन्नमतपत्रिका नव्हती, आणि सभागृहात सरकारने नेमकं तेच दाखवलं. विधानसभेत विरोध नोंदवला तो माकपचे विनोद निकोले यांनी. परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला, पण तोवर कागदावर काही उरलं नव्हतं. कायदा न्यायालयात गेला तर भिन्नमतपत्रिका वकिलाला हाताशी लागते. तुमची सूचना फेटाळली जाणार असं दिसलं तर ती मांडणाऱ्या सदस्याला निदान भिन्नमतपत्रिका द्यायला लावा, मसुदा तुम्हीच करून द्या.

सॅन_होजे

इथल्या पद्धतीची तुलना म्हणून थोडं. कॅलिफोर्नियात समिती अपवाद नसते. प्रत्येक विधेयक विषय समितीत जातं, खर्चाचं असेल तर पुढे विनियोजन समितीत. विधेयकं वर्षाला दोन हजारांहून जास्त, आणि खरी कत्तल विनियोजन समितीत होते. विधानसभेच्या समितीत दीड लाख डॉलर किंवा त्याहून जास्त खर्चाचं विधेयक 'सस्पेन्स फाइल'मध्ये जातं. वर्षातून दोनदा, मे आणि ऑगस्टमध्ये, अध्यक्ष ती यादी भराभर वाचतात. तेव्हा साक्षी नाहीत, चर्चा नाही. 'हेल्ड' म्हटलं की विधेयक तिथेच राहिलं आणि विरोधात कुणी मत दिलं याची नोंदही उरत नाही. कोलोराडोत मतदारांनी १९८८ साली राज्यघटनेत दुरुस्ती करून हे बंद केलं. तिथे समितीला प्रत्येक विधेयक गुणावगुणांवर विचारात घेऊन मतदान करावंच लागतं.

आपल्या लोकांनी जवळून पाहिलेलं उदाहरण म्हणजे २०२३ चं जातिभेदविरोधी विधेयक, एसबी ४०३, सिनेटर आयशा वहाब यांचं. आंबेडकरी संघटना बाजूने आणि काही हिंदू संघटना विरोधात, दोघांच्याही समितीबाहेर लांब रांगा. मूळ विधेयकात जात हा भेदभावबंदीचा स्वतंत्र आधार होता. विधानसभेच्या न्याय समितीच्या टप्प्यावर ती 'वंशपरंपरा' या आधाराच्या व्याख्येखाली आणली गेली. हा बदल नसता तर ते पुढे सरकलं असतं का याची मला शंका आहे. दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं आणि ७ ऑक्टोबरला राज्यपाल न्यूसम यांनी नकाराधिकार वापरला. कारण दिलं ते हेच, की वंशपरंपरेसह सध्याच्या आधारांखाली जातिभेद आधीच निषिद्ध आहे. समितीतून पार पडायला केलेली तडजोड शेवटच्या टप्प्यावर विरोधी युक्तिवाद झाली. सूचना लिहिताना हा विचार जरूर करावा: आपण मान्य केलेला मवाळ शब्द पुढे कोण कसा वापरेल.

मांडवीकाठ

गोव्यात परिषद नाही, ४० जणांचं एकच सभागृह. तिथे संयुक्त समितीचा प्रश्नच येत नाही, प्रवर समिती तेवढी. भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक ३० जुलै २०२१ रोजी समितीकडे न पाठवता घाईने मंजूर झालं. घराखालच्या जमिनीची मालकी देण्याचा विषय, तीस वर्षांच्या वास्तव्याची अट, आणि 'भूमिपुत्र' म्हणजे कोण यावर रस्त्यावर संताप. शेवटी मुख्यमंत्र्यांनी आधी नाव बदलू म्हटलं, नंतर विधेयक राज्यपालांकडे पाठवणार नाही असं सांगितलं. तीन-चार बैठकांची प्रवर समिती बसली असती तर ही व्याख्या पहिल्याच बैठकीत अडली असती, आणि खरोखर ज्यांना घराचा हक्क हवा होता त्यांच्यासाठी काहीतरी उरलं असतं. म्हणून 'समितीकडे पाठवा' ही मागणी विधेयक पाडण्यासाठीच असते असं कुणी समजू नये.

अनुच्छेद_१९६

शक्ती विधेयकाची नोंद इथे हवी, कारण समितीतून पार पडणं म्हणजे कायदा होणं नव्हे. डिसेंबर २०२० मध्ये मांडलं, एकवीस जणांच्या समितीने वर्षभर काम केलं, तपासाची मुदत १५ दिवसांवरून ३० दिवसांवर नेली, डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी एकमताने मंजूर केलं. विषय समवर्ती सूचीतला (ज्यावर केंद्र आणि राज्य दोघेही कायदे करू शकतात) आणि केंद्रीय फौजदारी कायद्यांशी विसंगत तरतुदी होत्या, म्हणून अनुच्छेद २५४(२) खाली राष्ट्रपतींची अनुमती आवश्यक होती. ती मिळाली नाही. मधल्या काळात १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ज्या दंड संहितेत दुरुस्ती करायची तीच उरली नाही. तुमचं विधेयक केंद्रीय कायद्याला छेदतंय असं वाटलं तर समितीला पहिली सूचना हीच करा, की छेदणारे खंड वेगळ्या विधेयकात टाका. निदान उरलेला भाग राज्यपालांच्या संमतीने चालू तरी होईल.

परंतुक

@शेतरस्ता, एक राहिलं. विधेयक मंजूर झालं की काम संपलं असं धरू नका. 'विहित करण्यात येईल अशा रीतीने' हे शब्द विधेयकात जिथे जिथे आहेत त्या जागांवर आत्ताच खूण करून ठेवा. शुल्क, नमुना अर्ज, मुदत, सक्षम अधिकारी हे सगळं त्या शब्दांमागे असतं आणि ते नंतर नियमांतून येतं. बहुतेक कायद्यांत प्रारूप नियम आधी राजपत्रात प्रसिद्ध करून हरकती मागवण्याची अट असते. तीस दिवसांची मुदत दिली तर ती राजपत्राच्या तारखेपासून मोजतात, तुम्हाला कळल्यापासून नव्हे, म्हणून राजपत्र आठवड्याला पाहणारा एक माणूस संघटनेत नेमून टाका. नियम अंतिम झाल्यावर ते दोन्ही सभागृहांपुढे एकूण तीस दिवस ठेवावे लागतात आणि विधानमंडळाची उपविधान समिती ते तपासते. नियम कायद्याबाहेर गेला असेल, कायद्यात नसलेलं शुल्क लावलं असेल, तर त्या समितीच्या सदस्याला पत्र द्या. त्या समितीकडे फारसं कुणी लिहीत नाही, त्यामुळे नेमकं लिहिलेलं एक पत्रसुद्धा तिथे वाचलं जातं.